पाच बाभळी आणि एक पत्रा

सोलापुरातल्या एका शाळेने आवारातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं ठरवलं. चिंच, कडुनिंब, पिंपळ, करंज अशा बावीस पाट्या पेंटरने दोन दिवसांत रंगवून दिल्या. तेविसावी, गेटजवळच्या बाभळीची, जुलैच्या अखेरीस अडली ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मधल्या काळात एक तक्रार आली, एक बैठक झाली आणि कॉलेजात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मला बोलावणं आलं. त्याची ही हकिगत. माझी स्वतःची चूकही तीत आहे, ती वगळलेली नाही.

सुरुवात प्रश्नमंजूषेपासून झाली. आठवीच्या वर्गांत स्पर्धा होती. प्रश्न होता, ‘बाभळीचं शास्त्रीय नाव काय?’ एका मुलीने सांगितलं, व्हॅचेलिया निलोटिका. परीक्षकांच्या कागदावर होतं अकेशिया निलोटिका, त्यामुळे गुण मिळाला नाही आणि तिचा वर्ग एका गुणाने मागे पडला. मुलीने मोबाइलवर शोधून पाठ केलं होतं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. ते यंत्रमागावर काम करतात, तावातावाने बोलणारा माणूस नव्हे. मुख्याध्यापिका बाईंना त्यांनी एवढंच म्हटलं, “चुकलं असंल तर चुकलं म्हना, पन बरोबर कुठलं ते पाटीवर लिवा.”

बाई पाटी बघायला गेल्या तर झाडावर आधीपासूनच एक गंजलेला पत्रा होता. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठोकलेला, खिळ्यासकट अर्धा सालीत गेलेला. त्यावर तिसरंच नाव होतं, अकेशिया अरेबिका. पेंटर कोपऱ्यात ब्रश धुत उभे होते. ते मला नंतर म्हणाले, “सर, पत्रा एक हाय, नावं तीन हायत. कुठलं रंगवू सांगा की, माझा दिवस मोडालाय.”

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाळेची यादी हातात घेऊन आवारात फिरलो. यादीत ‘बाभूळ’ हा शब्द पाच ठिकाणी होता. गेटजवळ बाभूळ, मैदानामागे बाभूळ, कुंपणाबाहेर वेडी बाभूळ, पाण्याच्या टाकीपाशी सुबाभूळ आणि ऑफिससमोर ऑस्ट्रेलियन बाभूळ. मी मान डोलावत पुढे गेलो. मैदानामागच्या झाडाकडे लांबूनच पाहिलं, काटे दिसले, बारीक पानं दिसली, बाभूळ. दोष चष्म्याचा नव्हता, सवयीचा होता.

ती मुलगी आमच्या मागून येत होती. घर पूर्व भागात, आजी विड्या वळणारी, घरात तेलुगू. ती दबकत म्हणाली, “सर, ही ती नाही. गेटजवळची नल्ल तुम्म, ही तेल्ल तुम्म.” नल्ल म्हणजे काळी, तेल्ल म्हणजे पांढरी. शाळेचे शिपाई अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. त्यांनी लगेच दुजोरा दिला, “हां की सर, ती करिजाली, ही बिळिजाली.” तिथेही तेच, काळी आणि पांढरी.

मग जवळ जाऊन पाहिलं. गेटजवळच्या बाभळीची साल काळपट, उभ्या भेगा पडलेली. फुलं पिवळीधमक, गोंड्यासारखी. शेंग माळेसारखी, प्रत्येक बीमागे आवळलेली आणि राखाडी लव असलेली. मैदानामागच्या झाडाची साल फिकी, पिवळट पांढरी, पापुद्रे सुटणारी. फांद्यांच्या टोकाला दुधट रंगाचे इवलेसे गोंडे, मोठ्या झुपक्यांत. शेंगा चपट्या, किंचित वाकड्या. हा हिवर. माळरानावर हयात काढलेला माणूस हिवर ओळखण्यात चुकतो, हे वर्गात कुणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

त्यातली खरी मौज नावात आहे. हिवराला जे जातिनाम आहे ते ल्युकोफ्लिया, ग्रीकमधून आलेलं. ल्युकोस म्हणजे पांढरा, फ्लोइऑस म्हणजे साल. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात या झाडाचं वर्णन केलं. हा माणूस तेलुगू मुलखात, सामलकोटला कित्येक वर्षं राहिला होता आणि झाडांची तेलुगू नावंही नोंदवून ठेवत होता. म्हणजे त्याच्या लॅटिन पाटीवर आणि या मुलीच्या आजीच्या तोंडी एकच गोष्ट होती: पांढरी. मला ती ठाऊक असून उपयोग झाला नाही, कारण मी नाव पाठ केलं होतं, साल पाहिली नव्हती.

इथे बाईंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता: लोकांना इतकी छान नावं आहेत तर मग लॅटिनची भानगड कशाला? उत्तर द्यायला मी त्यांना कुंपणाकडे नेलं. तिथली वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकात इकडे आणलेली, आणि आता होटगी रोडपासून पार पंढरपूरपर्यंत ओसाड जागा दिसली की घुसणारी. मराठीत तिला वेडी म्हणतात. शिपाईमामा म्हणाले, आमच्यात बळ्ळारी जाली, म्हणजे बळ्ळारीकडची. मुलगी म्हणाली, आमच्याकडे सरकार तुम्म. एका झाडाचं खापर एकाने बळ्ळारीवर फोडलं, दुसऱ्याने सरकारवर, आम्ही वेडावर. सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चार घरं बसतात. सगळ्यांची नावं खरी, पण त्यांची सांगड घालायला एक नाव असं लागतं जे कुणाच्याच घरचं नाही. लॅटिन ही कुणाची मातृभाषा उरलेली नाही, हाच तिचा इथला फायदा.

नाव दोन शब्दांचंच का, हे मुलांना समजावायला पूर्व भाग कामी आला. तेलुगू घरांत इंटिपेरु, म्हणजे घराण्याचं नाव, आधी येतं आणि माणसाचं नंतर. शास्त्रीय नाव तसंच असतं: आधी प्रजाती, हे आडनाव; मग जाती, हे त्या माणसाचं नाव. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 मध्ये ‘स्पीशीज प्लांटॅरम’मध्ये वनस्पतींसाठी ही दोन शब्दांची रीत सगळीकडे लावली, प्राण्यांसाठी 1758 मध्ये. त्याच्या आधी एकेका झाडाचं नाव म्हणजे ओळभर लॅटिन वर्णन असायचं. पेंटरला ती पद्धत असती तर तो पहिल्याच दिवशी सायकल काढून गेला असता.

आडनावाचं पहिलं अक्षर मोठं, नावाचं कायम लहान, मग ते नाईल नदीवरून आलेलं असो की इंडियावरून. पेंटरने दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू केले होते. बावीसच्या बावीस पाट्यांवर. ते पुसायला एक रविवार गेला. छापताना ही नावं तिरप्या अक्षरांत घेतात; ब्रशने तिरपं अक्षर नीट वळत नव्हतं, म्हणून दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायला सांगितली. हाताने लिहिताना तेवढं चालतं.

आता मूळ भांडण. तीन नावांपैकी खरं कुठलं?

हे समजायला या झाडांच्या घराण्याची वाटणी बघावी लागते, आणि वाटणीचं प्रकरण म्हटलं की आपल्याकडे फार समजावून सांगावं लागत नाही. लिनियसने बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं. हिवर मिमोसा, वेडी बाभूळ मिमोसा, सुबाभूळसुद्धा मिमोसा. सगळं एकत्र कुटुंब, एका छपराखाली. पुढे एकेक भाऊ वेगळा निघाला आणि आज मिमोसा हे आडनाव लावणारी, आपल्या ओळखीतली म्हणजे लाजाळू. फिलिप मिलर या इंग्रज बागवानाने 1754 मध्ये अकेशिया हे वेगळं बिऱ्हाड मांडलं आणि पुढे बाभूळ तिकडे गेली. हा शब्द ग्रीक. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या वैद्याने इजिप्तमधल्या काटेरी झाडाला अकाकिया म्हटलं होतं. ते झाड म्हणजे आपली बाभूळच, नाईलकाठची. निलोटिका हे नाव तिथूनच.

गंजलेल्या पत्र्यावरचं अरेबिका हे लामार्क या फ्रेंच अभ्यासकाने 1783 मध्ये दिलेलं. एकाच जातीला दोन नावं मिळाली की जे आधी रीतसर छापलं गेलं ते टिकतं, हा प्राधान्याचा नियम. 1753 आणि 1783, तीस वर्षांचा फरक, निकाल सरळ. मुंबई इलाख्याच्या जुन्या वनस्पतिग्रंथांत अरेबिकाच आहे, म्हणून जुन्या पाटीवर ते आलं. पाटी लावणाऱ्याला दोष नाही. पण आज ते लिहिणं चूक. तिघांपैकी एक जण इथे बाद.

उरले दोघे, आणि इथे प्रकरण रंगतं.

वर्गीकरणात प्रत्येक नावाला एक नमुना बांधलेला असतो. जातीच्या नावाला हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, एखादा नमुना किंवा चित्र, प्रजातीच्या नावाला एक जाती. आपल्याकडे वाटणीत भांडीकुंडी, जमीन, बैल सगळं विभागतं, पण देव्हाऱ्यातले टाक एकाच घरी जातात आणि घराण्याचं नाव त्या घराशी राहतं. प्रजातीचा नमुना म्हणजे तो टाक. अकेशियाचा टाक बाभळीच्या घरी होता. तिच्यावरूनच नाव पडलेलं, तिच्याकडेच देव.

विसाव्या शतकाच्या अखेरीला डीएनएचा अभ्यास सुरू झाला आणि कळलं की तेराशेच्या वर जातींचं अकेशियाचं खटलं खरं तर एका रक्ताचं नाहीच. पाच-सहा वेगळी घराणी आहेत. वाटणी अटळ झाली. नियमाप्रमाणे अकेशिया हे नाव बाभळीकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या शाखेत जवळजवळ हजार जाती, आणि बाभळीच्या शाखेत दीडशेच्या वर. नियम पाळला तर ऑस्ट्रेलियातल्या हजार जातींची नावं बदलावी लागणार. म्हणून 2003 मध्ये तिथल्या अभ्यासकांनी प्रस्ताव मांडला की टाकच हलवावा, बाभळीच्या घरातून काढून एका ऑस्ट्रेलियन जातीकडे द्यावा. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत यावर मतदान झालं. अर्ध्याहून जास्त मतं बदलाच्या विरोधात पडली. तरी बदल टिकला, कारण नावांच्या समितीने बदलाची शिफारस आधीच केली होती, ती फेटाळायला साठ टक्के लागत होते आणि तेवढी भरली नाहीत. आफ्रिकेतले आणि इतर बरेच अभ्यासक फार चिडले. 2011 मध्ये पुन्हा विषय निघाला आणि निर्णय कायम झाला. ती परिषद कुठे भरली होती? मेलबर्नला. शिपाईमामा हे ऐकून म्हणाले, “म्हंजे ग्रामपंचायतच की सर.” मी दुरुस्ती सुचवली नाही.

बाभळीच्या शाखेला मग दुसरं आडनाव शोधावं लागलं. नवं घडवायचं नसतं, आधीचं वापरात नसलेलं रीतसर नाव सापडलं तर तेच घ्यायचं. रॉबर्ट वाइट आणि जॉर्ज अर्नॉट यांनी 1834 मध्ये दक्षिण भारताच्या वनस्पतींच्या ग्रंथात एका जवळच्या काटेरी झाडासाठी व्हॅचेलिया हे नाव काढलं होतं, मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री असलेल्या जॉर्ज व्हॅचेलच्या सन्मानार्थ. तो चीनमधून झाडं गोळा करून पाठवायचा. ते नाव पावणेदोनशे वर्षं अडगळीत पडून होतं. 2008 मध्ये बाभूळ त्याखाली आली: व्हॅचेलिया निलोटिका. नाईलकाठची, मकावच्या पाद्र्याच्या आडनावाची, आणि उभी सोलापुरात.

पूर्ण नावापुढे जी माणसांची संक्षिप्त नावं येतात ती म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार. बाभळीपुढे कंसात लिनियस असतो, कंसाबाहेर हर्टर आणि मॅबर्ली. मूळ नाव देणारा कंसात, आजच्या आडनावाखाली आणणारा बाहेर. कंस दिसला की समजायचं, घर बदललंय. प्राण्यांच्या नियमांत कंस असतो पण घर बदलणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाचंच घ्या, आर्डिओटिस निग्रिसेप्स, पुढे कंसात व्हिगर्स, 1831. कंसामुळे कळतं की पक्ष्याने घर बदललं, कुणाच्या हातून ते कळत नाही. मला ही पद्धत कधीच आवडली नाही, पण पक्षी हा माझा विषय नव्हे.

बैठकीत मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या, कारण बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. अकेशिया हे एक घराणं मानायचं की अनेक, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. त्यावर मत असू शकतं. अनेक मानली की कुठलं नाव कुणाला जाईल, हा नियमाचा प्रश्न. त्यावर मत चालत नाही. अजूनही कुणी सगळ्यांना एकत्र धरत असेल तर त्याने अकेशिया निलोटिका लिहिणं नियमाला धरूनच आहे. आज बहुतेक अभ्यासक वेगळं धरतात, म्हणून व्हॅचेलिया. म्हणजे मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि परीक्षकांच्या कागदावरचंही चूक नव्हतं. चूक प्रश्नात होती: ‘शास्त्रीय नाव काय’ यात एकच नाव असतं असं गृहीत धरलेलं.

विज्ञानाच्या शिक्षिकांनी हरकत घेतली की वनखात्याच्या जुन्या याद्यांत आणि मुलांच्या पुस्तकांत अजून अकेशिया दिसतं, मुलं गोंधळतील. हरकत पोकळ नव्हती. त्यावरून ठरलं ते असं: पाटीवर सगळ्यात वर ‘बाभूळ’ ठळक, त्याखाली तेलुगू आणि कन्नड नाव त्या त्या लिपीत आणि उर्दूत ‘बबूल’, मग व्हॅचेलिया निलोटिका, आणि तळाला बारीक अक्षरांत ‘जुन्या पुस्तकांत: अकेशिया निलोटिका’. माणसांची नावं पाटीवर नकोत. ती शाळेच्या वहीत, कंसासकट. खिळा ठोकायचा नाही, स्प्रिंग लावलेल्या तारेने पाटी बांधायची म्हणजे बुंधा वाढला तरी रुतत नाही. जुना पत्रा सालीतून उपटायला गेलं तर झाडच सोलवटेल, तो तसाच राहू द्यायचा.

बाकीच्या चौघांचं पटकन उरकलं. सुबाभूळ ही बाभूळ नव्हेच, ल्युसिना ल्युकोसेफाला, मूळ मेक्सिकोकडची. हिवर, व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया. वेडी बाभूळ कालपरवापर्यंत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा होती. 2022 मध्ये तिथेही वाटणी झाली. प्रोसोपिसचा टाक आपल्या शमीच्या घरी होता, तो तिथेच राहिला, आणि वेडी बाभूळ नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. नेल्टुमा शब्द ऐकल्यावर मुलगी एकदम हसली. म्हणाली, “सर, हे तर आमच्या नल्ल तुम्मसारखंच ऐकू येतंय.” येतं खरं.

तिनेच मग विचारलं, आपल्या भाषेतला शब्द लॅटिन नावात घेता येतो का? घेतलाय की. चिंचेचं टॅमॅरिंडस हे अरबीतल्या तमर-हिंदवरून, म्हणजे हिंदचा खजूर. पुढचं इंडिका त्यावरूनच, जरी झाड मूळचं आफ्रिकेतलं असलं तरी. नाव अर्थाने चुकीचं निघालं म्हणून बदलता येत नाही, तोही नियमच. कडुनिंबाचं अझाडिराक्टा फारसीवरून. आणि 2016 मध्ये गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणाऱ्या आपल्याकडच्या सरड्यांसाठी नवी प्रजाती काढली, तिचं नावच ‘सरडा’. शब्द कुठूनही आणा, त्याला लॅटिनच्या रीतीने चालवलं म्हणजे झालं. नव्या वनस्पतीचं वर्णनही 2012 पर्यंत लॅटिनमध्येच लिहावं लागे, आता इंग्रजीत चालतं. नाव मात्र लॅटिन रूपातच.

शेवटी ऑफिससमोरची ऑस्ट्रेलियन बाभूळ उरली. वृक्षलागवडीत आलेली, काटे नाहीत, पान म्हणून दिसतात ते खरे चपटे झालेले देठ. तिचं नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, जसंच्या तसं. पेंटरने ती पाटी रंगवता रंगवता ब्रश थांबवला. “सर, म्हंजे गेटवरच्या बाभळीचं नाव ह्याला गेलं?” मी म्हटलं, गेलं. “आन् ही कुणाचं लावती आता?” पाद्र्याचं. त्यांनी एकदा गेटकडे बघितलं, काही न बोलता रेघ पुरी केली आणि पाटी उन्हात वाळत ठेवली.

मुलीला तिचा गुण मिळाला. ज्यांनी अकेशिया निलोटिका सांगितलं होतं त्यांचेही गुण कायम राहिले, त्यामुळे स्पर्धेचा निकाल बरोबरीत गेला आणि चषक दोन वर्गांत सहा-सहा महिने वाटून दिला. तेलुगू अक्षरात पेंटरने एक काना जास्त दिला होता, तो मुलीच्या आजीने पालकसभेच्या दिवशी दाखवला.

एक पाटी मात्र अजून स्टोअररूममध्ये आहे, नेल्टुमा ज्युलिफ्लोराची. कुंपणाची भिंत बांधायची म्हणून वेडी बाभूळ दसऱ्याआधी बुंध्यापासून तोडली. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरली तेव्हा त्याच बुंध्यातून नऊ फुटवे आले होते. बाई म्हणाल्या, कमरेइतके झाले की पाटी बांधू.